हजार पुस्तकांचं कौतुक पुरे

गुरुनाथ नाईक नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर श्रद्धांजलीचे जेवढे मेसेज फिरले, त्या सगळ्यांत एक आकडा होता. बाराशेहून अधिक रहस्यकथा. त्या बाराशेतली आधी कुठली वाचावी, हे मात्र मला एकाही मेसेजमध्ये सापडलं नाही. बाबूराव अर्नाळकरांचंही तेच. नाव निघालं की हजाराच्या वरचा आकडा येतो, मागोमाग गिनीज बुक येतं आणि विषय संपतो. झुंजार वाचकाला का आवडायचा, काळापहाडच्या गोष्टीत भीती नेमकी कुठून यायची, यावर बोलायला कुणी थांबत नाही.

माझी विनंती आहे, हा आकडा अभिमानाने सांगणं बंद करा. तो पराक्रम नाही, पगाराची स्लिप आहे.

मी टेंभुर्णीचा. पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव, जवळ उजनी. धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला, कारखाने आले. दिवाळीच्या आसपास धुराडी पेटतात आणि बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. हिशोब टनावर. एखाद्या कोयत्याने हंगामात किती टन ऊस तोडला हे ऐकून आमच्याकडे कुणी हार घालायला धावत नाही. उलट लोक विचारतात, उचल केवढी होती?

रहस्यकथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

तो धंदा कसा चालायचा ते बघा. खिशात मावेल असं स्वस्त पुस्तक. ते विकत घेणारे होतेच, पण मोठा वाचक होता लायब्ररीतला. गल्लीतली, एसटी स्टँडजवळची, रोजच्या भाड्यावर पुस्तक देणारी लायब्ररी. ती एक प्रत घ्यायची आणि पानं सुटेपर्यंत फिरवायची. शंभर जणांनी वाचलं तर भाडं शंभर वेळा लायब्ररीला, विक्रीचे पैसे एकदा प्रकाशकाला. आणि लेखकाला? हस्तलिखित द्यायचं, एकरकमी मानधन घ्यायचं, ही या बाजारातली नेहमीची रीत. म्हणजे वाचक वाढले म्हणून लेखकाची कमाई वाढत नव्हती, पुस्तकं वाढली तरच वाढत होती. या गणितात हजार पुस्तकं लिहिली जातात यात आश्चर्य कसलं? दुसरा रस्ताच नव्हता. अर्नाळकरांचं मुंबईत चष्म्याचं दुकान होतं. बाबा कदम पोलीस खात्याचे वकील होते. नाईक पत्रकारितेत होते, आणि उतारवयात त्यांचं आजारपण, पैशांची ओढाताण यांच्या बातम्या आल्या, मदतीची आवाहनं झाली. बाराशे पुस्तकांच्या लेखकासाठी मदतीचं आवाहन करावं लागतं, तेव्हा त्या बाराशेकडे कौतुकाने बघायचं की संशयाने?

भरभर लिहिणं वाईट, असं मी म्हणत नाहीये. जॉर्ज सिमेनॉ हा बेल्जियन लेखक वादळासारखा लिहायचा, मेग्रे या इन्स्पेक्टरवरच त्याच्या ७५ कादंबऱ्या आहेत. पण प्रकाशकाशी सौदा करताना तो कडक होता. त्याचा वेग त्याच्या मालकीचा होता, आपल्या लेखकांचा वेग बाजाराच्या मालकीचा.

आता ठरलेली तक्रार येईल. ‘समीक्षकांनी रहस्यकथेला कधी साहित्य मानलंच नाही.’ खरं आहे, नाही मानलं. पण ही तक्रार करून करून गुळगुळीत झालीय, आणि तिच्या आड आपण आपलं स्वतःचं काहीतरी लपवतोय असं मला वाटतं. विज्ञानकथा बघा. तीही मराठीत कडेलाच होती. पण मराठी विज्ञान परिषद ही संस्था १९६६ पासून उभी होती आणि ती विज्ञानकथेची स्पर्धा घ्यायची. १९७४ मध्ये त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच झाले. तुम्ही म्हणाल, ते नारळीकर होते, त्यांना कोण अडवणार? मान्य. पण कथा पाठवताना ते नारळीकर नव्हते, जगताप होते, आणि जगतापला कथा पाठवायला एक पत्ता होता. कुणीतरी ती वाचणार होतं, दुसऱ्या कथेशी ताडून बघणार होतं, चांगली की वाईट ते सांगणार होतं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला असा पत्ता कुठला होता? ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक आहेत, त्यांचे उपकार मानायला हवेत. पण ते वर्षातून एकदा येतात. बाकीचे अकरा महिने प्रकाशकाचा माणूस विचारत यायचा, पुढचं कधी देताय?

आता जगातलं बघू. १९३० मध्ये लंडनच्या रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, पुढे अगाथा ख्रिस्तीही अध्यक्ष झाल्या. एकत्र जेवायचे, एकमेकांच्या कोड्यांवर वाद घालायचे आणि सभासद होताना शपथ घ्यायचे, की आपला गुप्तहेर योगायोग किंवा दैवी साक्षात्कार यांच्या जोरावर खुनी शोधणार नाही. गंमत वाटते, पण ती धंद्याची शिस्त होती. वाचकाला फसवायचं, पण त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहून त्यांनी एकत्र पुस्तकही काढलं. अमेरिकेत १९४५ मध्ये मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका स्थापन झाली, तिचं घोषवाक्य ‘क्राइम डझ नॉट पे, इनफ’. गुन्हा करून फायदा होत नाही, या म्हणीला जोडलेलं ते ‘पुरेसा’ म्हणजे मानधनाचं भांडण आहे, संघटनेच्या पाटीवरच लिहिलेलं. १९८६ मध्ये बायकांनी सिस्टर्स इन क्राइम उभी केली. कुठलं वर्तमानपत्र बायकांच्या किती पुस्तकांची परीक्षणं छापतं हे त्यांनी मोजलं आणि तो हिशोब संपादकांपुढे ठेवला. आकड्याचा उपयोग असाही होतो. (आपल्या यादीत मी आत्तापर्यंत एकाही बाईचं नाव घेतलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझ्या लक्षात हे वाक्य लिहिताना आलं.) आणि ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे, की सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक वाचायला नेलं की त्याचे थोडे पैसे लेखकाला मिळतात. तो सरकारच्या मनात आपोआप आला नव्हता. लेखक त्यासाठी कित्येक वर्षं भांडले.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जपान. एदोगावा राम्पो हा तिथला मोठा रहस्यकथाकार. हे टोपणनाव म्हणजे एडगर ॲलन पो याचाच जपानी उच्चार. १९४७ मध्ये त्याच्या पुढाकाराने तिथल्या रहस्यकथाकारांची संघटना झाली. १९५४ मध्ये स्वतःच्या साठीला त्याने पदरचे दहा लाख येन दिले आणि त्यातून नव्या लेखकांसाठी पुरस्कार सुरू झाला. १९८५ मध्ये तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला मिळाला. त्याने पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. केइगो हिगाशिनो. आज आपण त्याची भाषांतरं फोनवर वाचतो. आपल्याकडे असे किती इंजिनिअर हिंजवडीच्या बसमध्ये बसून नोट्समध्ये खून करतायत, मला माहीत नाही. मी एक आहे.

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका ॲपवर रहस्यकथा टाकायला लागलो. नियम सोपा होता. रोज एक भाग, हजार-बाराशे शब्द, शेवटी धक्का. एक दिवस चुकला की यादीत खाली. वाचकाने पुढचा भाग कॉइन देऊन उघडायचा. मी ऑफिस सुटलं की लिहायचो, अकराला पोस्ट करायचो. चाळिसाव्या भागापर्यंत माझ्या कथेत खुनी कोण हे मलाच ठरवता आलं नव्हतं. पाचव्या भागात जी चावी टेबलावर दिसायला हवी होती ती तिथे नव्हती, आणि लोक तो भाग वाचून कधीच पुढे गेले होते. रहस्यकथा शेवटाकडून मागे रचावी लागते. रोजच्या भागाला मागे जायची परवानगी नसते, म्हणून मग नवीन माणूस आणायचा, जुळा भाऊ आणायचा, मेलेल्याला उठवायचं. लोक कमेंटमध्ये हार्ट टाकायचे. ऑफिसमध्ये मी कोडच्या चार ओळी बदलल्या तरी दुसरा कुणीतरी त्या वाचतो आणि विचारतो, हे असं का? इथे शहाऐंशी भागांचा खून थेट प्रॉडक्शनवर.

करार इंग्रजीत होता. ऑडिओ, वेब सिरीज, भाषांतर आणि ‘भविष्यात निघणारं कुठलंही माध्यम’, सगळे हक्क कंपनीकडे. मी स्क्रोल केलं आणि ‘आय ॲग्री’ दाबलं. वर्षभरात जे पैसे मिळाले त्यात पुण्यातल्या कॉट बेसिसचं एका महिन्याचं भाडंसुद्धा निघालं नसतं. उचल म्हणजे गळ्यातला फास असतो, हे मी लहानपणापासून बघतोय, तुलना उगाच करत नाही. पण मुकादम निदान पैसे आधी देतो.

कथा संपली तेव्हा ॲपने मला एक बॅज पाठवला. ‘एक लाख शब्द पूर्ण!’ मी तो स्टेटसला ठेवला. अभिनंदनाचे बावीस मेसेज आले. खुनी कोण निघाला, हे विचारणारा एकही नव्हता. त्या रात्री मला नाईकांच्या बातमीतला बाराशेचा आकडा आठवला.

सुहास शिरवळकरांचं उदाहरण यापेक्षा जास्त बोचतं. फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन. या माणसाला संवाद कसा लिहायचा हे कळत होतं, प्रत्येक नायकाची चाल वेगळी ठेवता येत होती. त्यांचं नाव आज माझ्या वयाच्या पोरांना माहीत आहे ते ‘दुनियादारी’मुळे, आणि तेही २०१३ च्या सिनेमामुळे. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते. ‘दुनियादारी’ चांगलीच आहे. पण अमर विश्वासच्या कोर्टातल्या युक्त्या कुठे जमल्यात आणि कुठे नुसत्या रेटल्यात, यावर एक धड लेख मला वाचायला मिळाला असता, तर मी माझी पहिली कथा इतकी वाईट लिहिली नसती. समीक्षकाने लिहिला नाही म्हणून गळा काढायला नको. वाचकांनी लिहायला हवा होता. दुसऱ्या रहस्यकथाकाराने तर लिहायलाच हवा होता. अर्नाळकरांची सगळी पुस्तकं चांगली आहेत असं म्हणणारा माणूस त्यांचा चाहता नाही, त्याने ती वाचलेली नाहीत. हजारातली वीस-पंचवीस निवडून, ती का टिकतात हे सांगणं हा खरा आदर. उरलेली पोटासाठी लिहिली, असं म्हणण्यात अपमान कसला?

या सगळ्या घाईत आणखी एक गोष्ट हातातून गेली, ती म्हणजे जागा. आठवड्यात पुस्तक द्यायचं तर वाचकाला आधीच माहीत असलेली जागा लागते. बंगला, क्लब, बंदर, काळी गाडी. माझ्या ॲपवरच्या कथेतही मलबार हिलचा बंगला होता, आणि मी मलबार हिल फक्त गुगल मॅपवर पाहिलंय. इकडे हायवेवर रात्रभर कंटेनर उभे असतात, उजनीच्या फुगवट्यातून वाळू निघते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली बांधकामं वर येतात, हंगामात कारखान्याबाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरची अर्धा मैल रांग लागते. गुन्ह्याला लागणारं सगळं सामान इथे पडलंय. ते लिहायला मात्र चौकशी करावी लागते, चार माणसांना भेटावं लागतं. अकराच्या डेडलाइनमध्ये ते बसत नाही.

म्हणून आम्ही पाच जणांनी एक साधं काम सुरू केलंय. दोन पुण्यात, एक करमाळ्याला, एक बार्शीला, आणि मी. महिन्यातून एकदा भेटतो, जमेल तेव्हा हायवेवरच्या हॉटेलात, नाहीतर कॉलवर. नियम तीन. कथा पूर्ण झाल्याशिवाय कुठेही टाकायची नाही. ज्याची कथा, त्याने ऐकून घ्यायचं, बचाव करायचा नाही. आणि कुणालाही करार आला की सही करण्याआधी तो ग्रुपवर टाकायचा. तिसऱ्या नियमाने आत्तापर्यंत दोन सह्या थांबवल्यात. एका प्रकाशकाने, विचारल्यावर, ऑडिओचे हक्क लेखकाकडे ठेवायला हो म्हटलं. नुसतं विचारल्यावर! इतकी वर्षं आपण विचारतच नव्हतो की काय, असं वाटून गेलं.

मागच्या महिन्यात माझी कथा होती. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून मारला जातो आणि एक ट्रॅक्टरवाला म्हणतो, मी तेव्हा रांगेत होतो. पाच महिने लागले होते लिहायला. करमाळ्याच्या पोराने चहाचा ग्लास बाजूला सारला आणि म्हणाला, “दादा, काट्याच्या पावतीवर वेळ छापून येते. तुझा खुनी तिसऱ्याच पानावर सापडतोय की.”

मी कथा परत घेतलीय. ॲपचं नोटिफिकेशन अजून दर दोन दिवसांनी येतं, तुमचे वाचक वाट बघतायत म्हणून.