आधी बसा, मग द्या

दिवाळी अंकाचा संपादक गणपतीच्या आधीपासून एकच काम करतो: जाहिराती मागत फिरतो. सायझिंगवाले, सूतव्यापारी, गोदामवाले. देणाऱ्याने अंक वाचलेला नसतो आणि आमची तशी अटही नसते. त्यामुळे आपल्याच तालुक्यात पैसे नाकारणारी माणसं भेटली, तेव्हा मला आधी हेवाच वाटला.

पडघ्याजवळ सोरगावात मातोश्री वृद्धाश्रमाच्या आवारात ‘धम्म सरिता’ हे विपश्यना केंद्र आहे. तालुका भिवंडी, पण उतरायचं खडवलीला. एक स्टेशन अलीकडे, टिटवाळ्याला, ‘धम्म वाहिनी’. तीच लाइन धरून कसारा घाट चढलात की इगतपुरीची धम्मगिरी. दहा दिवसांच्या शिबिरात राहण्याचे, जेवणाचे, शिकवण्याचे पैसे नाहीत. दान द्यायचं तर आधी शिबिर पुरं करायचं; न बसलेल्याचा चेक कितीही मोठा असो, घेत नाहीत. म्हणजे संध्याकाळी पाचला हातात येणारा चहा आधी बसून गेलेल्या कुणा अनोळख्याचा.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. इथे तीही हौस नाही. आधी बसा, मग द्या, हा चोख हिशेब हिशेबनिसाच्याच परंपरेतला. ही विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. मायग्रेन घेऊन आलेल्या गोएंकांना, नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. १९६९ साली मुंबईतल्या एका धर्मशाळेत गोएंकांच्या पहिल्या शिबिराला १४ जण बसले. २००९ साली खुल्या झालेल्या गोराईच्या पॅगोड्यात ८००० बसू शकतात.

पण खोल्या आणि घुमट वाढले की केंद्र वाढलं, असं मला वाटत नाही. शिबिर फुकट आहे, दहा दिवस फुकट नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याला विपश्यनेसाठी पगारी रजेची सोय शासनाने केली आहे. लूमवाल्याची मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की तीही थांबली. अन्सारी असो, पद्मशाली असो, की गोदामात हमाली करणारा आपला आगरी पोरगा, त्याला चार तास पाठ टेकायला मिळाली तरी तो खूश. त्याच्यासाठी दार उघडं आहे, पण दारापर्यंत यायला खाडा पडतो.

तरी एक आला होता. मी बसलो त्या शिबिरात, दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि सगळे कुजबुजल्यासारखे बोलायला लागले. हा मात्र पहिलं वाक्य ओरडूनच बोलला. मग स्वतःच हसला. चौदा वर्षं लूमवर, शेजारच्याला हाक मारायची तर खटखटीच्या वरचा आवाज काढावा लागतो. दानाच्या टेबलाशी तो माझ्या पुढे उभा होता. शंभराच्या दोन नोटा ठेवल्या, पावती घडी करून खिशात घातली आणि तशाच मोठ्या आवाजात टेबलावरच्या सेवकाला विचारलं, “दिवाळीत लूम बंद असतात. तेव्हा भांडी घासायला आलो तर चालेल?”

आमच्या जाहिरातदारांची नावं शेवटच्या पानावर आहेत.