चौलच्या विहिरी कोण राखणार?

कान्हेरीच्या शिलालेखांतील चेमुल आणि अरबी प्रवाशांचे सैमूर म्हणजेच अलिबाग तालुक्यातील आजचे चौल. बंदराचे वैभव कधीच ओसरले. उरल्या त्या नारळ-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांना जगविणाऱ्या विहिरी. रामेश्वराच्या देवळापुढे पुष्करणी बांधणाऱ्या पूर्वजांना पाण्याचे मोल ठाऊक होते. आज मात्र चौलच काय, अवघ्या अष्टागरात एक प्रश्न कुणी मोकळेपणाने विचारत नाही. घरामागच्या सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी नेमके जाते कोठे?

प्रश्न किळसवाणा वाटेल, पण टाळता येण्याजोगा नाही. मुंबईचा पाहुणा शनिवारी येतो. घरगुती निवास-न्याहारीमुळे वाडीवाल्याच्या हाती चार पैसे खेळू लागले, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु पाच माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीवर सुट्टीच्या दिवसांत पंचवीस माणसांचा भार पडतो. मैला खाली बसण्यास पाणी टाकीत काही काळ स्थिर राहावे लागते. तेवढी उसंतच न मिळाल्याने तो तसाच पुढे ढकलला जातो.

टाकीतून निघणारे पाणी शुद्ध असते, हा मोठाच गैरसमज आहे. टाकी केवळ गाळ अडविते. रोगजंतू पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि त्यांना थोपविण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीने करावयाचे असते. किनाऱ्याची जमीन वाळूमिश्रित, विहिरी उथळ आणि पावसाळ्यात पाणी हाताशी आलेले. अशा ठिकाणी माती ते काम कितीसे करणार? म्हणूनच भारतीय मानक २४७० (१९८५) सांगते की, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, दूर असावा. आणि भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असेल, तर खोल खड्डा न घेता पाणी उंचवट्यावरील चरांतून मुरवावे. ‘आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या टाकीला बहुधा तळच नसतो, आणि ती जिरते ती शेजाऱ्याच्या विहिरीत!

नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल आणि आरोग्य-स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे म्हणून नोंदले आहेत. किनाऱ्यावर १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. घर बांधणारा भरतीरेषेपासूनचे अंतर काळजीने मोजून घेतो, कारण तेथे परवाना अडतो. विहिरीपासूनचे अंतर कोण मोजतो? नकाशात स्वतःची जागा असते. कुंपणापलीकडची विहीर नसते. वाड्यांच्या पट्ट्या अरुंद असल्याने धोका मात्र नेमका कुंपणापलीकडेच असतो. आणि टाकीवर एकदा स्लॅब पडला की आत काय बांधले, हे परमेश्वरालाच ठाऊक.

या प्रश्नाला याहून गंभीर अशी सामाजिक बाजू आहे. टाकी तुंबते तेव्हा तिच्यात उतरणारा माणूस कोण असतो? विषारी वायूने जीव जातो तो त्याचा. २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला असून तो घरमालकालाही लागू आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख रुपये केली. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेवर घाव घातला, त्याला आता अर्धशतक उलटले आहे. तरीही ‘त्या’ कामासाठी ‘त्या’ वस्तीतल्यालाच निरोप धाडायचा, ही सवय सुटत नसेल, तर समरसतेची भाषणे कोणासाठी? याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्याच्या शुद्धीचा अविचार झाला होता. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणारा समाज विहिरीत झिरपणाऱ्या मैल्याबद्दल मौन पाळतो, हा विरोधाभास आता तरी खुपावयास हवा.

सरकारने सारे करावे, असे म्हणणे सोपे आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनाचा अंतर्भाव झाला, पण उपसलेला गाळ टाकायचा कोठे याची सोय तालुक्याच्या पातळीवरच करावी लागेल. नाहीतर टँकर खाडीतच रिकामा व्हायचा! ग्रामसभेच्या हाती मात्र बरेच आहे. स्लॅब घालण्यापूर्वी टाकी पाहावी, नकाशात शेजारच्या विहिरी दाखविल्याखेरीज होकार देऊ नये, पाहुणे ठेवणाऱ्या घरांच्या टाक्यांची वेगळी नोंद ठेवावी, दोन-तीन वर्षांनी उपसा यंत्रानेच व्हावा. यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. चौललगतच्या रेवदंड्यातील डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानच्या हाकेसरशी हजारो हात झाडू घेऊन रस्त्यावर येतात. रस्त्यावरचा कचरा दिसतो म्हणून तो उचलला जातो. जमिनीखालचे दिसत नाही. जलजीवन अभियानात गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण मिळाले आहे. येत्या पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, वाडीवाडीतील विहिरींचे पाणी त्यांच्याकडून तपासून घेऊन निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. कोणाची टाकी कोणाच्या विहिरीत उतरते, हे मग ग्रामसभेपुढे येईल.