गोगलगायीपायी पाचट पेटवू नका



अलीकडे गटागटांतून एकच तक्रार कानावर येते. "साहेब, पाचट ठेवा म्हणून तुम्हीच सांगता आणि त्याच पाचटात गोगलगायी माजतात. औंदा काडीच लावतो." कोणी बांधावर मीठ पसरतो, कोणी मोरचूद टाकतो, तर कोणी जुने दाणेदार विष मिळते का ते विचारत फिरतो. या सगळ्याला आमचा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

तक्रारीत तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. पाचटाखाली ओल आणि सावली असते. गोगलगायीला दिवसा लपायला तेच हवे. मोठ्या उसाचे ती फारसे बिघडवत नाही. मार बसतो तो रोपवाटिकेला, कोवळ्या कोंबांना, आंतरपिकांना आणि भाजीपाल्याला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात उगवते सोयाबीन गोगलगायींनी फस्त केले आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात ते उगाच नाही.

पण काडी लावून ती मरते का? पाचट पेटवले जाते तोडणीनंतर, कोरड्या दिवसांत. त्या वेळी शंखी गोगलगाय शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून बांधाच्या भेगेत, दगडाखाली, उकिरड्याच्या कडेला निजलेली असते. जाळ वरून सर्रकन निघून जातो, ती खाली शाबूत. जळते ते आपले खत. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. शिवाय गोगलगायीचे वैरीही होरपळतात. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, जमिनीवर फिरणारे भुंगेरे तिची पिल्ले खातात. भारद्वाज पक्षी तर शंख फोडून खातो, पण त्याला बसायला बांधावर झुडूप लागते.

मिठाचे तसेच. आपल्या कित्येक सभासदांची जमीन आधीच पाण्याने खारवट झाली आहे. तिथे आणखी मीठ म्हणजे रेडा मेला नाही तोवर गोठा पाडण्यातला प्रकार. मोरचुदातले तांबे मातीत साठते आणि गांडुळांना बाधते. फोरेटची विक्री तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. गोगलगाय हा कीटक नव्हे. कीटकनाशक ओतून मरतात ती आपलीच गांडुळे.

मग करायचे काय? पाचट सरीत पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे, पाणी द्यावे. पावसाळ्यापर्यंत बरेचसे कुजते, लपायला जागा कमी राहते. प्रादुर्भाव असेल तिथे बांधालगतचा चार-पाच फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा. पाऊस सुरू झाला की सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाकडेने ठेवावीत. पहाटे उन्हाआधी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात, कारण त्यांच्या अंगात माणसाला अपाय करणारे जंतू असू शकतात. वेचलेल्या बादलीत साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून माराव्यात व खड्ड्यात पुराव्यात. ते मिठाचे पाणी मात्र रानात ओतू नये. मातीत साबुदाण्यासारखी अंडी दिसली तर तीही नष्ट करावीत. रोपवाटिकेभोवती चुन्याचा चार इंची पट्टा ओढावा. पावसाने धुपला की पुन्हा ओढावा. एवढे करूनही आटोक्यात आले नाही तरच मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, एकरी २ किलो, लेबल वाचून वापराव्यात. कुत्री, जनावरे, कोंबड्या त्यापासून कटाक्षाने दूर ठेवाव्यात. त्या गोळ्या खाऊन जनावर दगावते.

आता मुख्य गोष्ट. एक गोगलगाय एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. नर-मादी एकाच देहात असल्याने अंडी घालायला कोणतीही पुरते. तिला सातबारा कळत नाही. एकाने वेचल्या आणि शेजाऱ्याने सोडून दिल्या, तर आठ दिवसांत पुन्हा तेच. म्हणून आमची आग्रहाची सूचना आहे की, ओढ्याकाठच्या आणि एकाच पाणीयोजनेवरच्या सभासदांनी पावसाच्या पहिल्या तीन आठवड्यांत वार ठरवून एकाच वेळी वेचणी करावी. चिटबॉयकडे आपल्या पट्ट्यातील प्रादुर्भाव नोंदवावा, म्हणजे वेचणी कुठे आधी लागायची ते ठरवता येईल.

आपण एकट्याच्या उसावर कारखाना उभारला नाही. गोगलगायही एकट्याच्या बळावर हटणार नाही. काडी मात्र एकट्याला लावता येते. ती लावण्याआधी एकदा गट ऑफिसला येऊन जा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते