भिंतीला भिंत

अंबडला आमचे घर म्हणजे रो-हाऊस. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. उजेड यायचा तो पुढून नाहीतर मागून. पलीकडच्या कुकरची शिट्टी वाजली की आमच्याकडे गॅस बंद करायला धावपळ!

विलायतेत अशा घरांच्या रांगेला टेरेस म्हणतात. आपली टेरेस म्हणजे गच्ची, त्यांची म्हणजे ओळ. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन जळाले. पुढच्याच वर्षी कायद्याने विटा-दगडाच्या भिंती सक्तीच्या झाल्या. या घरांची दर्शनी बाजू अरुंद, म्हणून ती उंच चढतात. खाली तळघर, वर मजल्यावर मजला. खोल्यांतल्या शेकोट्यांचा धूर बहुधा सामाईक भिंतीतूनच वर जाई. म्हणून छपरांवर धुरांड्यांच्या रांगा दिसतात.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर अशाच ओळीतले. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते. त्याआधी १९१७ साली, परदेशात शिकून आलेल्या याच विद्वानाला बडोद्यात जात कळताच पारशी धर्मशाळेतून हुसकावले होते. गावात तर आपली वस्तीच गावकुसाबाहेर. भिंतीला भिंत लागणार कुठून?

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डेन नगर परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. येणाऱ्यांच्या गर्दीचा त्रास होतो, अशी शेजाऱ्यांचीही तक्रार होती. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने अपील मान्य केले.

त्या शेजाऱ्यांवर आम्ही रागावणार नाही. सामाईक भिंतीत राहणाऱ्याला आवाजाचे दुखणे कळते. तिथे जाणाऱ्यांनी जिना हलक्या पावलांनी चढावा. आवाज कमी करता येतो. आडनावाचे काय करणार? अंबडला भाड्याने घर शोधताना एका मालकाने खोल्या दाखवण्याआधी आमचे आडनाव विचारले. ते ऐकताच घर "कालच दिलेले" निघाले.

परवा शेजारच्या वहिनी दारात आल्या. "फोटो लावायचाय, भिंतीत खिळा ठोकला तर चालेल ना?"

आम्ही म्हटले, "ठोका की वहिनी. भिंत तुमचीही आहे."