पाहिले, पण मोजले का?

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात, तिलारान डोंगररांगेवर, मोंतेवेर्दे नावाचे राखीव अरण्य आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त व्यापारी वारे या डोंगरांशी अडतात, वर चढून थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे ढग बनतात. हे ढग थेट झाडांच्या शेंड्यांत शिरतात. पाऊस नसतानाही धुक्याचे सूक्ष्म थेंब पानांवर साचून खाली ठिबकत राहतात. असे अरण्य म्हणजे मेघवन. येथील फांद्यांवर मऊ हरिता, नेचे आणि आमरे यांचा जाड थर वाढलेला असतो.

या वनातील पायवाटांवर हिंडायला जगभरातून माणसे येतात. बहुतेकांना ओढ असते ती क्वेट्झल या पक्ष्याची. हिरवा झळाळता रंग, तांबडे पोट आणि नराची लांबलचक पिसे! तो दिसला की सहल सार्थकी लागली, असे मानले जाते. मला मात्र ही सहल अर्धीच वाटते. काय दिसले, किती दिसले, कोठे व केव्हा दिसले, हे वहीत उतरले म्हणजेच ती पुरी होते.

हा आग्रह कशासाठी? सोनेरी भेकाची हकिकत ऐका. भेक हा बेडकाचाच भाऊबंद. याचा नर भडक नारिंगी रंगाचा असे आणि ही जात साऱ्या जगात फक्त मोंतेवेर्देच्या डोंगरमाथ्यांवर राहत असे. १९८७ मध्ये मार्था क्रम्प यांनी प्रजननाच्या डबक्यांपाशी दीड हजारांहून अधिक भेक मोजले. पुढच्या वर्षांतील पाहण्यांत मिळून ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आढळले. १९८९ मध्ये एक नर दिसला, तो शेवटचा. २००४ मध्ये ही जात नामशेष म्हणून नोंदवली गेली. आधीच्या वर्षीचा आकडा लिहिलेला नसता, तर ‘हल्ली भेक दिसत नाहीत बुवा’ एवढेच आपण म्हणालो असतो!

असे का झाले याचा शोधही नोंदींवरच चालला. जॉन कॅम्पबेल हे मोंतेवेर्देचे रहिवासी १९७० च्या दशकापासून रोजचा पाऊस मोजून लिहून ठेवत. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात, तेथील कोरडे दिवस वाढत असल्याचे दाखवणारा जो निबंध आला, त्याच्या तीन लेखकांपैकी ते एक होते. पुढे इतर संशोधकांनी १९८६-८७ च्या एल निनोमुळे पडलेल्या कोरडेपणाकडे, तसेच बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका रोगकारक बुरशीकडे बोट दाखवले. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण तो अंदाजांवर न राहता आकड्यांवर चालतो, ते अशा वह्यांमुळे.

कोणी म्हणतील, ‘वही काढली की हिंडण्याची मजा गेली!’ अनुभव उलटा आहे. लिहायचे असले की आपोआप पाऊल मंदावते, बोलणे थांबते, कान उघडतात. आणि ‘दिसला नाही’ हीदेखील नोंदच आहे. वीण संपली की मोंतेवेर्देचे क्वेट्झल जंगली फळांच्या शोधात अरण्याची हद्द ओलांडून डोंगराच्या खालच्या उतारांवर जातात. ते केव्हा नसतात हे कळल्याखेरीज कोणते रान राखायला हवे, हे कसे कळणार?

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. नोंदीसाठी वाट सोडायची नाही, काही खरवडायचे वा तोडायचे नाही. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी येथील काही फांद्यांवरचा हिरवा थर प्रयोगासाठी काढून पाहिला. दहा वर्षे लोटली तरी तो पूर्ववत झाला नव्हता. आपल्या क्षणाच्या हौसेची भरपाई वनाला इतकी महाग पडते.

शिक्षकांना माझी सूचना आहे की, सहलीनंतर ‘आमची सहल’ हा निबंध जरूर लिहून घ्यावा; पण त्याआधी तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, प्राणी आणि संख्या असे सहा रकाने आखून द्यावेत. दरवर्षी त्याच डोंगरावर, त्याच महिन्यात जावे आणि वही शाळेत जपून ठेवावी. आज त्यात केवळ चार बेडकांची नोंद असेल. दहा वर्षांनंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या चारांशी आपले बेडूक ताडून पाहता येतील.