स्पर्धा करा म्हणणाऱ्यांनो, आधी तिजोरीचा हिशेब द्या!

"स्कॉलरशिप, सवलती पुरे झाल्या, आता खुल्या बाजारात स्पर्धा करा," हा उपदेश आपल्या पोरांना रोज ऐकवला जातो. ठीक आहे, अर्थशास्त्राच्याच भाषेत बोलू.

पूर्ण स्पर्धेच्या अटी बारावीच्या पुस्तकातही असतात : विक्रेते अनेक, प्रवेश मुक्त, माहिती सर्वांना सारखी. पारशिवनीतल्या भूमिहीन मजुराच्या पोराला यातली कोणती अट लागू होते? संत्र्याचा धंदा करायचा तर भांडवल हवे, भांडवलाला बँक, बँकेला तारण आणि तारणाला जमीन. ती पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? जातच जिथे प्रवेश अडवते, तिथे स्पर्धा नसते, मक्तेदारी असते.

दुसरा टोमणा : "आमच्या करावर जगता." मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. तो मजूरही भरतो, बंगलेवालाही. दर तोच, पण मजुराच्या कमाईतला वाटा मोठा. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच अन्याय दाखवला होता : शेतसारा गरीब-श्रीमंत बघत नाही. म्हणजे तिजोरीत आपलाही पैसा आहे.

तिजोरी बाजाराच्याही कामी येते. पेंचवरचे धरण कोण्या व्यापाऱ्याने बांधले नाही, सरकारी पैशातून उभे राहिले. आज आपल्या तालुक्यातल्या नवेगाव खैरीचे पाणी नागपूर शहर पिते. तेव्हा सरकारने खर्च करावा की नाही, हा वादच खोटा आहे. खर्च कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११.८ टक्के. त्या प्रमाणात विकासनिधी वेगळा ठेवायचा, हे उपयोजनेचे तत्त्व. पण मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये 'लाडकी बहीण'साठी वळवले गेले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. "त्या बहिणींत तुमच्याही आहेत," असे उत्तर मिळते. आहेतच! पण सर्वांची योजना सर्वांच्या तिजोरीतून चालवा. वसतिगृह आणि स्कॉलरशिप ज्या खात्याची जबाबदारी, त्याचा खिसा कापून ओवाळणी कशाला?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच या निधीसाठी कायदा केला. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला तो का जमत नाही?

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब आपण मागतो. मग जिल्हा नियोजन समितीला का विचारत नाही? अनुसूचित जाती उपयोजनेतून पारशिवनी तालुक्याला किती मंजूर झाले, किती खर्च झाले, किती परत गेले, कोणत्या वस्तीत काय झाले? माहिती अधिकाराचा अर्ज करा, आलेला आकडा वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि निधीच्या कायद्यासाठी आमदाराला जाब विचारा. बजेट न वाचणाऱ्या समाजाचे बजेट दुसरेच खातात.

जय भीम!