मंद की प्रखर?

मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या मुक्ताईनगरला ऊन नुसतं मी म्हणत होतं. शाळाही सकाळची झालेली. एके दिवशी चौथीतल्या एका मुलीचा तिच्या आईच्या फोनवरून निरोप आला, “मॅडम, मी आज येत नाही.” पुढे एक चित्र. मधे गोल आणि भोवती आखूड आखूड किरण.

मला वाटलं, सूर्यच! पोरीला ऊन लागलं असणार. मी लगेच लिहिलं, “बरं. ताक पी, उन्हात फिरू नकोस.”

दोन दिवसांनी ती आली. विचारलं, तर म्हणाली, “ऊन नाही मॅडम. आजीला जळगावला दवाखान्यात नेलं होतं. मला कसंतरीच होत होतं, म्हणून कमी उजेडाचं चित्र टाकलं.”

मी गप्पच झाले. पोर रडवेली होती आणि मी तिला ताक प्यायला सांगत होते!

मग मी माहिती काढली. ते चित्र सूर्याचं नाहीच. सूर्याचं वेगळं असतं. ही जोडी आहे फोनच्या पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याच्या खुणांची. आखूड किरण किंवा नुसते ठिपके म्हणजे मंद, लांब किरण म्हणजे प्रखर. जगभरातल्या अक्षरांना नि चिन्हांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’च्या यादीत ही दोन्ही 2010 साली आली. आपल्या देवनागरी अक्षरांनाही त्याच यादीत क्रमांक आहेत, बरं का!

लोडशेडिंगमध्ये माझी आजी अभ्यासाच्या वेळी कंदिलाची वात वर करायची, झोपताना खाली. फोनचंही तसंच. भर दुपारी शेतात पडदा काळा दिसतो, कारण सूर्याचा उजेड पडद्याच्या उजेडाहून कितीतरी जास्त. तिथे प्रखर हवा. रात्री तोच पडदा डोळ्यांवर येतो, तेव्हा मंद करा. चार्जिंगही जास्त वेळ पुरतं.

पण मन मंद झालं, हे सांगायला ही खूण वापरली तर चुकलं का? मुळीच नाही. मला तर ती कल्पना फार आवडली. फक्त चित्राचा अर्थ पाठवणाऱ्याच्या मनात एक असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसराच. म्हणून महत्त्वाचं काही असेल, तर चित्राशेजारी दोन शब्दही लिहा. “आजी आजारी आहे” एवढं पुरे.

आणि पालकहो, मुलांनी नुसतं चित्र पाठवलं, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी विचारा, “काय झालं रे बाळा?”

आजी आता घरी आली आहे. परवा त्याच फोनवरून चित्र आलं, लांब किरणांचं. खाली दोन शब्दही होते, “आजी हसली!”